जे आपोआप उगवलं त्यासकट : एका उद्यानाच्या कामाच्या नोंदी

१० जानेवारी

आज उद्यानाची किल्ली मिळाली. फाटकाची खालची बिजागरी गंजून तुटली आहे, त्यामुळे फाटक उचलूनच ढकलावं लागतं. आत जागा एकराला थोडी कमी. मधली कारंज्याची गोल टाकी कोरडी ठणठणीत, तिच्यात पालापाचोळा आणि प्लास्टिक. घसरगुंडीचा पत्रा फाटलेला. झोपाळ्यांच्या साखळ्या आहेत, पाट्या नाहीत. अकरा बाकांपैकी बसण्याजोगी चार. सात-आठ वर्षांत इथे कुणी मनापासून हात लावलेला नाही.

आम्हाला परवानगी मिळाली आहे ती देखभालीची. झाडाला हात लावायचा तर वेगळा अर्ज करायचा. हे बरंच झालं.

गटातल्या बहुतेकांना येत्या रविवारीच कोयते-फावडी घेऊन उतरायचं होतं. मी आणि माळीकाकांनी हट्ट धरला की महिनाभर कशालाही हात लावायचा नाही. कचरा तेवढा उचलायचा, त्यातही काचा आधी. बाकी नुसतं बघायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं. काहीजण नाराज झाले, पण ठरलं.

२४ जानेवारी

माणसांची दोन आठवड्यांची मोजणी संपली. दिवसातून चार वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं : कोण आलं, कुठे बसलं, किती वेळ थांबलं.

सकाळी चालणारे, बहुतेक साठीच्या पुढचे. रस्त्याकडेच्या पट्ट्यातच फेऱ्या मारतात, आत कुणी शिरत नाही. संध्याकाळी दहा-बारा मुलगे चेंडू घेऊन येतात. मुली जवळपास नाहीतच. आजी-आजोबा नातवंडांना फाटकापर्यंत आणतात, तुटके झोपाळे बघतात आणि मागे फिरतात. रात्री अंधाराची बाजू दारू पिणाऱ्यांची.

खरी बोचली ती दुपारची नोंद. अकरा ते चार बागेला कुलूप असतं. त्याच वेळेत कुंपणाबाहेर, भिंतीच्या हातभर सावलीत, रस्ता झाडणाऱ्या दोन ताई, एक पहारेकरी आणि सामान पोहोचवणारी तीन-चार पोरं गाड्यांवरच आडवी झालेली असतात. आत वडाखाली शंभर माणसं सहज बसतील एवढी सावली रिकामी. कुलूप कशासाठी, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "पहिल्यापासूनच आहे."

२ फेब्रुवारी

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक ताई गटात आल्या आहेत. त्यांच्यासोबत झाडांची यादी केली. लावलेली झाडं : वड एक, करंज सहा, कडुनिंब चार, बहावा तीन, गुलमोहर पाच, पर्जन्यवृक्ष दोन (त्यातला एक पूर्ण वाळलेला). आपोआप आलेली : उंबर तीन, रुईची झुडपं, टाकळा, चार-पाच प्रकारची गवतं, भरपूर घाणेरी आणि सुबाभूळ. सुबाभळीची रोपं मोजायचा नाद सोडला.

दुपारी मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलो. हा कोपरा सगळ्यांना आधी साफ करायचा आहे. घोट्यापर्यंत पाचोळा, वर घाणेरीचं दाट जाळं. दहा मिनिटांत सातभाईंचा थवा उतरला. नऊ होते. एकजण वर फांदीवर पहाऱ्याला बसला, बाकीचे पाचोळ्यात. चोचीनं एकेक पान धरायचं, उलटवायचं, बाजूला फेकायचं आणि खाली जे हललं ते उचलायचं. माझ्यापासून दोन हातांवर एकानं करंजाचं पान उलटवलं. खाली पांढऱ्या बुरशीची नक्षी, एक गोम, आणि काळी, भुसभुशीत, ओंजळीत घ्यावी अशी माती. पक्ष्यानं गोम नेली. मी ती माती हातात घेऊन हुंगली. पहिल्या पावसाचा वास होता तिला, फेब्रुवारीत.

आज रात्री वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं : दुर्लक्षामुळे माणसांचं नुकसान झालं, पण मातीचा, पाचोळ्याचा, पाखरांचा फायदा झाला. माणसांना परत आणताना हे हाकलून द्यायचं नाही. पुढचं प्रत्येक काम याच्याशी ताडून बघणार आहे.

९ फेब्रुवारी

माती तपासली. पद्धत साधी आहे, कुणालाही जमेल. ३० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा, पाण्यानं भरायचा, ते पूर्ण मुरू द्यायचं, पुन्हा भरायचा आणि तासाभरात पाणी किती उतरतं ते पट्टीनं मोजायचं. तासाला अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरलं तर निचरा वाईट समजायचा.

खेळण्यांजवळ एक सेंटीमीटरसुद्धा उतरलं नाही. मागच्या कोपऱ्यात बारा.

एकाच बागेतली, पन्नास पावलांच्या अंतरावरची माती. फरक एवढाच की एकीकडे वर्षानुवर्षं पाय, गाड्या आणि उघडं ऊन, दुसरीकडे पाचोळ्याचं पांघरूण. माती दाबली गेली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात. मग पाणी मुरत नाही आणि मुळांना श्वास घेता येत नाही. गेल्या काही वर्षांत फाटकाजवळ लावलेली रोपं का जगली नाहीत, याचं कारण खत किंवा पाणी नव्हे. ती विटेसारख्या घट्ट मातीत लावली होती.

१६ फेब्रुवारी

रहिवाशांची बैठक झाली. साठ-सत्तर लोक आले, एवढे येतील असं वाटलं नव्हतं. दोन तास चालली. मागण्या : झोपाळे, स्वच्छतागृह, दिवे, व्यायामाची साधनं, फरशीचा मोठा चालण्याचा मार्ग, हिरवळ. आणि एकमुखानं, "तो मागचा कोपरा आधी साफ करा."

मी खड्ड्यांचे आकडे सांगितले, सातभाईंचं सांगितलं. समोरच्या इमारतीतल्या एक काकू म्हणाल्या, "तुमचं पटतं हो, पण बघणाऱ्याला ते सोडून दिल्यासारखं दिसतं. आणि सोडून दिलेल्या जागेत पोरीबाळी जात नाहीत." त्यांच्या या एका वाक्यानं कामाची दिशा बदलली. त्या बरोबर बोलत होत्या आणि आम्हीही चुकीचे नव्हतो.

अमेरिकेतल्या भूदृश्य रचनाकार जोन नॅसॉर यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. निसर्गाच्या दृष्टीनं समृद्ध जागा पुष्कळदा गबाळी दिसते. लोक ती स्वीकारतात, पण तिच्याभोवती कुणीतरी काळजी घेतंय याची खूण दिसली तर. कापलेला काठ, सरळ पायवाट, ठेंगणं कुंपण, एक पाटी. आतलं रान तसंच ठेवायचं, फक्त त्याला चौकट द्यायची.

ठरलं ते असं : मागच्या कोपऱ्याभोवती गुडघ्याएवढा दगडी कठडा, त्याच्या बाहेर दीड मीटर रुंदीची कायम कापलेली पट्टी, आत एकच पायवाट. घाणेरी आणि सुबाभूळ टप्प्याटप्प्यानं काढायची, पाचोळा काढायचा नाही. फरशीच्या मार्गाला मी विरोध केला आणि तो टिकवला.

२३ फेब्रुवारी

वाळलेल्या पर्जन्यवृक्षावरून वाद. तो तोडायचा अर्ज तयारच होता. पडला तर जीव जाईल, ही भीती खरी आहे, ती कुणी हलक्यात घेऊ नये. पण वाळलेलं झाड म्हणजे निरुपयोगी झाड नव्हे. तांबट पक्षी आपलं बीळ स्वतः कोरतो, आणि ते कोरायला त्याला कुजत आलेलं मऊ लाकूडच लागतं. त्यानं सोडलेल्या बिळांत पुढे दुसरी पाखरं राहतात. पिंगळा, मैना यांना मोठ्या जुन्या ढोल्या लागतात. लाकडाखाली किडे, बुरशी यांचा सगळा संसार. बागेतून सगळं वाळकं लाकूड काढलं की या सगळ्यांची घरं एका दिवसात जातात, आणि आपण मात्र लाकडी पेट्या टांगत बसतो.

वृक्षतज्ज्ञाला बोलावलं. त्यांनी बुंध्यावर लाकडी हातोडी मारत सगळीकडून आवाज ऐकला, मुळांजवळची माती उकरून पाहिली. बुंधा भक्कम आहे. पायवाटेवर आणि बाकांवर झुकलेल्या फांद्या काढायच्या, उंची निम्म्यानं कमी करायची, कोपऱ्याच्या बाजूला कललेली एक जाड फांदी राहू द्यायची. खाली कुणी बसू नये म्हणून तिथे बाक ठेवायचं नाही, झुडपं लावायची. दर वर्षी पावसाआधी तपासणी. ही अट वहीच्या पहिल्या पानावर लिहिली.

३ मार्च

दुपारचं कुलूप उघडलं! महिनाभर प्रयोग म्हणून. पहिल्याच दुपारी वडाखाली चौदाजण. झाडणाऱ्या ताईंपैकी एकीनं आत येण्याआधी चपला काढल्या, मग आमच्याकडे बघून परत घातल्या.

१० मार्च

आज फक्त बायका आणि मुलींची फेरी. आम्हा पुरुषांना बाहेर ठेवलं होतं, हे टिपण गटातल्या ताईंनी लिहून दिलेल्या नोंदींवरून.

पहिली मागणी स्वच्छतागृहाची, दुसरीही तीच. घर सोडून तासभर बाहेर थांबायचं तर हे आधी लागतं, हिरवळ नंतर. मग दुसरं फाटक. एकच वाट असली की आत शिरताना मन कचरतं, कारण कुणी अडवलं तर निघायचं कुठून? दिवे चालतील, पण डोळ्यांत घुसणारे नकोत. त्या उजेडात आपण दिसतो, समोरचा दिसत नाही. आणि मैदानाचा एक भाग मुलांच्या चेंडूपासून सुटा हवा.

शेवटचा मुद्दा व्हिएन्नाच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. तिथे १९९०च्या दशकात नगरपालिकेनं पाहणी केली तेव्हा लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुली बागेत यायच्या कमी होतात. एकच मोठं मोकळं मैदान असेल तर ते ज्यांचा जोर जास्त त्यांचं होतं. त्यांनी १९९९ मध्ये दोन बागांमध्ये मैदानाचे छोटे भाग पाडले, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत आल्या आणि त्यात मुलांना बाहेर काढावं लागलं नाही.

आमच्या मैदानाचे तीन तुकडे करायचे, मध्ये कंबरेइतकी झुडपं.

१९ मार्च

गुलमोहर आणि करंजांचे गळे मोकळे केले. "गळे" हा माळीकाकांचा शब्द. आधीच्या कुठल्या तरी सुशोभीकरणात बुंध्याला चिकटवून फरशा बसवल्या होत्या, वर सिमेंट. तिसऱ्या करंजाशी छिन्नी घेऊन बसलो. खोड सिमेंटच्या कड्यावरून बाहेर ओघळल्यासारखं वाढलं होतं, कड्याची धार सालीत दोन बोटं रुतलेली. सिमेंटचा शेवटचा तुकडा निघाला तेव्हा सालीवर फरशीचा ठसा जसाच्या तसा, तिच्या नक्षीसकट. हात लावला तर खालची साल ओली आणि मऊ. हे झाड एवढी वर्षं काय सोसत होतं, ते त्या ठशात दिसलं.

कुणीतरी जेसीबी बोलावू म्हणालं. नको. झाडाची पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या तीसेक ते साठेक सेंटीमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. यंत्राचा एक फटका म्हणजे दहा वर्षांची मुळं. पाच दिवस हातानं काम केलं. प्रत्येक झाडाभोवती कमीत कमी मीटरभर माती उघडी केली, काट्यानं हलकेच सैल केली आणि पाचोळा पसरला.

२ एप्रिल

चूक झाली. कोपऱ्यातली घाणेरी काढायला आठ जण उतरलो. काढण्याची पद्धत दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली : वरून छाटायची नाही, छाटली तर दुपटीनं फुटते. जमिनीखाली तीन-चार बोटांवर, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उपटून उलटं ठेवायचं, मुळं वर. ते वाळतं, पुन्हा रुजत नाही.

पद्धत बरोबर होती, वेळ चुकली. अकराव्या झुडपात बुलबुलाचं घरटं होतं. आम्ही ते पाहिलं तेव्हा झुडूप उलटं झालेलं. दोन अंडी, एक फुटलेलं. नर-मादी दोघं दुपारभर तिथेच ओरडत राहिली.

काम लगेच थांबवलं. जूनअखेरपर्यंत कोपऱ्यातल्या एकाही झुडपाला हात लावायचा नाही. नंतरही एका वेळी एक तृतीयांशच, आणि काढण्याआधी दोन जणांनी वेगवेगळं बघून वहीत सही करायची. घाणेरी परकी आहे, जगातल्या सर्वांत उपद्रवी वनस्पतींत मोडते, हे सगळं खरं. पण दुसरं झुडूप नाही तोवर तीच त्या बुलबुलांचं घर आहे. जागा रिकामी करायची तर आधी पर्याय उभा करायचा, हे मला माहीत होतं आणि तरी घाई झाली.

२० एप्रिल

रस्त्याकडेची दुरंताची कुंपणं डोक्याएवढी वाढली होती. बाहेरून आत काही दिसायचं नाही, आतून बाहेर नाही. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कची हीच गत होती. शहरातल्या मोकळ्या जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी लोक प्रत्यक्षात कसे बसतात-उठतात याचं निरीक्षण करून सुचवलं की उंच झुडपं आणि अडथळे काढा, प्रवेश मोकळे करा. दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये ती बाग उघडली आणि आज ती माणसांनी गजबजलेली असते.

आम्ही पायवाटेलगतची झुडपं गुडघा-मांडीच्या मध्ये ठेवली, झाडांच्या फांद्या दोन मीटरच्या वर उचलल्या. मधली पट्टी नजरेला मोकळी. दाट झाडोरा हवाच, पण तो वाटेपासून दूर, कोपऱ्यात. छाटण्याआधी या वेळी प्रत्येक फूट तपासला. एकही घरटं नव्हतं.

१२ मे

पाचोळ्यासाठी जाळीचे चार पिंजरे. ओला करून दाबत राहिलं की वर्षाभरात पानमाती होते. आता बागेत एकही पान जाळलं जात नाही.

दिव्यांचं काम झालं. उजेड खाली पाडणारे, पिवळसर, २७०० केल्विनचे. पांढऱ्या-निळसर दिव्याभोवती किडे जास्त झेपावतात. कोपऱ्यात दिवा नाही. वाटेवर आहे आणि कोपऱ्याच्या कठड्यापाशी थांबतो.

स्वच्छतागृहाचा अर्ज तिसऱ्यांदा दिला. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. पुढच्या वेळी काकू स्वतः येणार आहेत.

२६ मे

काय लावायचं, यावर चार तास. तरुण मुलांना जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकींच्या पद्धतीचं दाट जंगल हवं होतं : चौरस मीटरला तीन ते पाच रोपं, भरगच्च. लवकर उंच होतं, फोटोत छान दिसतं. मी नको म्हटलं. या पद्धतीला जागा आहे, पण आमच्या बागेत अर्धा जीव उघड्या गवताचा आहे. रुईवर सुरवंट वाढवणारं ते नारिंगी फुलपाखरू, गवताच्या बिया टिपणाऱ्या मुनिया, यांना सावली नको, ऊन हवं. सगळीकडे झाडं लावणं म्हणजे निसर्ग, हा समज सोडायला हवा. आणि पोरांना धावायला जागा लागतेच.

शेवटी : आपोआप आलेले तीन उंबर ठेवायचे, भिंतीला धोका असलेला चौथा नको. (हो, चौथा सापडला, भेगेत.) उंबर वर्षातून अनेकदा फळतो, कोरड्या दिवसांतही पाखरांना काहीतरी मिळतं. कोपऱ्याच्या कडेला निरगुडी, करवंद, धायटी, अडुळसा. ही झुडपं घाणेरीची जागा घेतील. बेल आणि कढीपत्ता, कारण लिंबाच्या कुळातल्या पानांवर कितीतरी फुलपाखरं अंडी घालतात. गवताचा एक तुकडा जसाच्या तसा.

१४ जून

पहिला जोरदार पाऊस. छत्री घेऊन चौघं बागेत, हातात खडू. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून वाहून जातं त्याच्या खुणा केल्या. कागदावर महिनाभर काढलेला नकाशा अर्ध्या तासात बदलला.

हिशेब सोपा : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शेडचं छप्पर ४० चौरस मीटर, ३० मिलिमीटर पावसात १२०० लिटर पाणी सरळ गटारात जातं. ते आता जुन्या कारंज्याच्या टाकीत वळवायचं. तळ फोडायचा, खाली खडी, वर वाळूमिश्रित माती आणि ओल सोसणारी झाडं. कारंजं दुरुस्त करण्यापेक्षा हे बरं, वीज नाही, पंप नाही.

१० जुलै

लावणी झाली. रोपं मुद्दाम लहान घेतली, हातभर उंचीची. मोठी आणली की लगेच बाग दिसते, पण त्यांची मुळं तुटलेली असतात आणि सावरायला वेळ लागतो. खड्डा मुळांच्या गोळ्याएवढाच खोल, रुंदीला तिप्पट. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं कापून सरळ करायची. खोड जिथे मुळांना मिळतं तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे.

शाळेतल्या मुलांनी ऐंशी रोपं लावली. एका मुलीनं आपल्या रोपाची पिशवी कापताना आतून गांडूळ निघालं म्हणून काम थांबवलं. ते दुसरीकडे सुखरूप ठेवल्यावरच पुढे.

गाजरगवत फुलायच्या आत उपटलं, हातमोजे घालून. फुललं की एकेका झाडावर हजारोंनी बी.

८ ऑगस्ट

डासांची तक्रार. फोन करणाऱ्या काकांचा सूर चढलेला होता, पण तक्रार रास्त. गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून पावसाचं पाणी दोन-तीन दिवसांत मुरलंच पाहिजे. रोज पट्टी लावून पाहिलं : कारंज्याच्या खड्ड्यातलं पाणी तीस तासांत जातं. डास तिथले नव्हतेच. शेजारच्या गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीत आणि आमच्याच शेडमागे ठेवलेल्या रिकाम्या बादल्यांमध्ये अळ्या सापडल्या. बादल्या उपड्या केल्या. काकांना बोलावून दोन्ही जागा दाखवल्या. आता दर शुक्रवारी तेच फेरी मारतात.

१५ सप्टेंबर

गवत कंबरेपर्यंत. साप दिसला, धामण, मोठी. बागेत एकच गोंधळ. बिनविषारी आहे, उंदीर खाते, असं सांगून भीती जात नाही. लहान मुलं असलेल्या घरानं घाबरणं चूक कसं म्हणायचं? खेळण्यांभोवती दहा मीटर गवत कायम आखूड, दगड-विटांचे ढीग तिथून हलवले, कचऱ्याचे डबे झाकणाचे आणि रोज रिकामे, म्हणजे उंदीर कमी. पाटीवर सर्पमित्रांचा नंबर. लांब गवत आहे तिथेच राहिलं, कापलेल्या पट्टीच्या आत.

स्वच्छतागृह सुरू झालं! काकू दोनदा जाऊन बसल्या होत्या त्या कार्यालयात. सफाईसाठी एका ताईंना पूर्ण दिवसाचं काम मिळालं. बागेतलं माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं बांधकाम हेच.

२० ऑक्टोबर

लावलेल्या ८० पैकी ६३ रोपं जिवंत. मेलेली सगळी उकरून पाहिली. सहा ठिकाणी आमच्याच उत्साहानं पाचोळ्याचा ढीग खोडाला टेकवलेला, साल कुजलेली. पाचोळा पाच ते दहा सेंटीमीटर जाड, पण खोडापासून वीतभर दूर. उरलेल्या रोपांभोवती आजच हातानं कडं मोकळं केलं.

बारा हलक्या खुर्च्या आणल्या, न बांधता. चोरीला जातील असं सगळे म्हणत होते. आजोबांचा एक गट त्या रोज उन्हाबरोबर सरकवत नेतो. सकाळी बघावं तर कालचा घोळका कुठे बसला होता ते खुर्च्यांवरून कळतं.

१४ डिसेंबर

पुन्हा दोन आठवडे मोजणी, तीच वेळ, तीच पद्धत. संध्याकाळी मुली आणि बायका मिळून आता एकूण माणसांच्या चार दशांश. दुपारी वडाखाली सरासरी बावीस. अंधाराच्या बाजूला रात्री कुणी बसत नाही, कारण दुसऱ्या फाटकानं ती आता येण्याजाण्याची वाट झाली आहे. खेळण्यांजवळच्या दबलेल्या मातीत खड्डा पुन्हा घेतला : तासाला तीन सेंटीमीटर. जानेवारीत परत घेणार.

कोपऱ्यात निरगुडी छातीएवढी. घाणेरीचा दुसरा तृतीयांश गेल्या आठवड्यात काढला, दोन सह्यांनंतर.

१८ फेब्रुवारी

सकाळी साडेसातला गटातल्या ताईंचा फोन, "लगेच या, आवाज करू नका."

पर्जन्यवृक्षाच्या ठेवलेल्या फांदीखाली, कठड्याच्या दगडावर, ताज्या लाकडाचा भुसा. चिमूटभर, ओलसर, फिकट. वर फांदीच्या पोटाला छोटं गोल भोक. दुर्बीण लावली तर आतून तांबटाची पाठ हलताना दिसत होती. तो मागे सरकत बाहेर आला, चोचीतला भुसा टाकला, पुन्हा आत. दर तीसेक सेकंदांनी. कपाळावरचा लाल ठिपका उन्हात आला की पेटल्यासारखा.

कठड्याबाहेर कापलेल्या पट्टीवर एव्हाना सातजण उभे होते. फेऱ्या मारणारे आजोबा, झाडणाऱ्या दोन्ही ताई झाडू भिंतीला टेकवून, शाळेला निघालेली दोन पोरं. मागचा कोपरा साफ करा म्हणणाऱ्या काकूही होत्या. त्यांनी दुर्बीण मागितली.

वृक्षतज्ज्ञांना संध्याकाळी कळवलं. पावसाआधीची तपासणी या वर्षी शिडी न लावता, खालूनच करायची.